कागदावरच राहिलेली याने

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अवकाशाचा विभाग कोठे आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही. दारातूनच चंदेरी रंगाचे अग्निबाण दिसू लागतात. पीएसएलव्ही असते, चांद्रयान असते, एखादे अपोलोही असते. प्रतिकृती नेटकी असते आणि तिच्याशेजारी उभा असलेला विद्यार्थी पाठ केलेली माहिती घडाघडा सांगतो : उंची ४४ मीटर, टप्पे चार. पण एखाद्या पाहुण्याने "टप्पे चारच का? तीन का नाहीत?" असे विचारले की तो गोंधळतो आणि सरांकडे पाहतो. पुष्कळदा सरही दुसरीकडे पाहतात.

यात विद्यार्थ्याचा दोष थोडा आणि प्रतिकृतीच्या निवडीचा अधिक. उडालेले यान म्हणजे सोडवून झालेले गणित. उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिलेले आणि खाली दोन रेघा ओढलेल्या. कच्चे काम वहीच्या मागच्या पानावर राहते, आणि ते पान कोणी उघडून पाहत नाही. अवकाशयानांच्या इतिहासातले हे मागचे पान मात्र मोठे वाचनीय आहे. त्यावर थेंबाच्या आकाराची याने आहेत, आकाशात फिरणारी चाके आहेत, मंगळावर उतरू पाहणारी पंखांची विमाने आहेत. ही याने कोणी हौशी माणसांनी काढलेली चित्रे नव्हती. त्यामागे त्या त्या काळचे उत्तम गणित होते. तरीही ती कागदावरच राहिली.

विद्यार्थी मित्रहो, प्रस्तुत लेखकाचे मत असे आहे की, शाळेत प्रतिकृती करायची तर उडालेल्या एका यानाबरोबर न उडालेलेही एक यान करावे, तेही कागदाचे आणि स्वतः मोजून-मापून आखलेले. त्यातून अवकाशविज्ञान तर समजेलच, पण त्याहून मोठी एक गोष्ट समजेल. ती म्हणजे माणसे आपला विचार का आणि कसा बदलतात.

साहित्य फारसे लागत नाही. कार्डशीट किंवा जाड ड्रॉइंग पेपर, कातर, पट्टी, कंपास, कोनमापक, डिंक किंवा फेव्हिकॉल, आणि शाई संपलेले एक बॉलपेन. हे शेवटचे हत्यार महत्त्वाचे आहे. घडी घालण्यापूर्वी पट्टीच्या आधाराने त्याने रेघ दाबून घेतली की घडी सरळ पडते. आणखी एक लक्षात ठेवावे. जाड कागद एका दिशेने सहज वळतो, दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. कापण्यापूर्वी हाताने वळवून पाहावे आणि नळी सहज वळणाऱ्या दिशेनेच करावी.

कागदाचा कायदा

आरंभ १९०३ पासून करू. रशियातील कलुगा या गावी शिक्षक असलेल्या कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की यांनी त्या वर्षी एक निबंध प्रसिद्ध केला. अग्निबाणाच्या साहाय्याने अवकाशात जाता येईल, हे त्यांनी त्यात गणिताने दाखवले आणि द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन यांवर चालणारे यान सुचवले. त्या यानाचा आकार होता थेंबासारखा फुगीर.

हा थेंब कार्डशीटचा करायला बसा. पहिल्या पाच मिनिटांतच कागद चुरगळेल. कागद एका वेळी एकाच दिशेने वळतो. वृत्तचिती आणि शंकू हे आकार त्याला चालतात, कारण ते उलगडले की सपाट होतात. शंकूचे गणित तर दहावीच्या भूमितीतलेच आहे. तळाची त्रिज्या ३ सें.मी. आणि तिरकस उंची १२ सें.मी. हवी असेल, तर १२ सें.मी. त्रिज्येची वर्तुळपाकळी कापायची. तिचा कोन ३६० × ३ ÷ १२, म्हणजे ९० अंश. गोल आणि थेंब मात्र असे उलगडत नाहीत. संत्र्याची साल टेबलावर सपाट पसरून पाहा, ती फाटल्याशिवाय राहणार नाही. म्हणून थेंब करायचा तर आठ किंवा बारा अरुंद पाकळ्या कापून एकमेकींना जोडाव्या लागतात. पाकळ्या जितक्या अधिक, तितका थेंब गुळगुळीत. आणि सांधेही तितकेच अधिक.

धातूच्या पत्र्यालाही हा कायदा बऱ्याच अंशी लागू आहे. पत्रा थोडा ताणता येतो, पण त्याला फार जोर लावावा लागतो. अपोलोची याने नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या टाक्यांचे घुमट पाकळ्या जोडूनच केलेले होते. त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या पाकळ्यांना बाक देण्यासाठी तर पाण्याखाली स्फोट घडवावे लागत. आजचे बहुतेक अग्निबाण म्हणजे नळ्या आणि वर शंकूसारखे टोक असे का दिसतात, याचे एक कारण तुमच्या चुरगळलेल्या कार्डशीटमध्ये सापडते. त्सिओल्कोव्स्की यांचे द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजन टिकले, सॅटर्नच्या वरच्या दोन टप्प्यांत तेच वापरले गेले. त्यांचा थेंब मात्र मागे पडला. पुस्तकातली एक ओळ वाचून हे पटत नाही. हाताला डिंक लागल्यावर पटते.

आकाशातली चाके

दुसरे यान चाकाचे. हरमान पोतोच्निक या ऑस्ट्रियाच्या सैन्यातील अभियंत्याने नूरडुंग या टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात अवकाशात राहण्यासाठी ३० मीटर व्यासाचे फिरते चाक सुचवले. त्या पुस्तकावर १९२९ हे साल छापलेले आहे. चाक फिरले की आतला माणूस बाहेरच्या कडेवर दाबला जाईल आणि त्याला वजन असल्यासारखे वाटेल, ही त्यामागची कल्पना. पुढे १९५२ मध्ये वेर्नहेर फोन ब्राउन यांनी कॉलियर्स या अमेरिकन साप्ताहिकात सुमारे ७६ मीटर व्यासाचे चाक मांडले.

दोन्ही चाके १ : २०० या प्रमाणात करा. एक १५ सें.मी. व्यासाचे होईल, दुसरे ३८ सें.मी. व्यासाचे. खरे चाक सायकलच्या ट्यूबसारखे आहे, पण शाळेसाठी चौकोनी छेदाचे करायला हरकत नाही. त्यासाठी दोन सपाट कडी आणि आतून-बाहेरून लावायच्या दोन लांब पट्ट्या लागतील. लहान चाकाची बाहेरची पट्टी ४७ सें.मी. लांब भरेल, मोठ्या चाकाची ११९ सें.मी. आता १.७ मीटर उंचीचा माणूस याच प्रमाणात कापा. तो जेमतेम साडेआठ मिलिमीटर भरेल. त्याला बाहेरच्या कडेवर, डोके चाकाच्या मध्याकडे करून, उभा चिकटवा.

आता पोतोच्निक यांच्यानंतर चाक मोठे का झाले, हे डोळ्यांनी दिसते. लहान चाकात त्रिज्या १५ मीटर. पृथ्वीइतके वजन वाटायला हवे असेल, तर अभिकेंद्री त्वरणाच्या सूत्रावरून एका फेरीला पावणेआठ सेकंद येतात. म्हणजे चाक बरेच भरभर फिरले पाहिजे. शिवाय वाटणारे वजन मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात असल्यामुळे माणसाच्या डोक्याशी ते पायांपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी भरेल. मोठ्या चाकात हा फरक साडेचार टक्क्यांवर येतो. पृथ्वीच्या एक तृतीयांश वजनावर समाधान मानले, तर त्या चाकाला एका फेरीसाठी एकवीस सेकंदांहून थोडा अधिक वेळ पुरतो. हे आकडे स्वतः काढून पाहा. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहेत.

मग असे चाक आजवर का झाले नाही? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पहिली तुकडी नोव्हेंबर २००० मध्ये राहायला गेली. ते स्थानक म्हणजे नळ्यांना जोडलेल्या नळ्या. शास्त्रज्ञांना तेथे वजनरहित अवस्थाच हवी होती, कारण ती पृथ्वीवर फार वेळ मिळत नाही. दुसरे कारण व्यवहारी आहे. स्थानकाचे बरेचसे भाग स्पेस शटलमधून वर गेले, आणि शटलचा सामानाचा कक्ष ४.६ मीटर रुंद होता. तेव्हा त्यातून जाणारी नळी त्याहून रुंद असणे शक्यच नव्हते. घरात आणायचे कपाट दारापेक्षा मोठे असून चालत नाही, तसेच हे.

मंगळाची विमाने

तिसरे उदाहरण प्रस्तुत लेखकाला सर्वांत बोधप्रद वाटते. फोन ब्राउन यांनी १९५२ मध्ये मंगळमोहिमेचा आराखडा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. दहा याने आणि सत्तर माणसे. मंगळावर उतरण्यासाठी त्यांनी शंभर मीटरांहून अधिक पंखविस्ताराची विमाने योजली होती. मंगळाच्या हवेवर तरंगत ती खाली उतरणार होती. त्या काळच्या खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज असा होता की, मंगळाच्या पृष्ठभागावरील हवेचा दाब सुमारे ८५ मिलिबार असावा. पृथ्वीवर तो सुमारे १०१३ मिलिबार असतो.

जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेले. ते मंगळामागे जाताना त्याचे रेडिओ संदेश तेथील वातावरणातून आले, आणि त्या संदेशांत पडलेल्या फरकावरून हवेचा दाब काढता आला. तो भरला केवळ ४ ते ७ मिलिबार. समजा ६ धरला, तर तो अंदाजाच्या सुमारे चौदावा हिस्सा होतो. हवा चौदा पटींनी विरळ आणि वेग तोच ठेवायचा, तर पंखांचे क्षेत्रफळ चौदा पट हवे. आकार तसाच ठेवून क्षेत्रफळ चौदा पट करायचे म्हणजे प्रत्येक लांबी सुमारे पावणेचार पट करावी लागते. शंभर मीटरांचा पंख पावणेचारशे मीटर होतो!

हे विमान कागदाचे करा आणि त्याच्याखाली टेबलावर त्याच प्रमाणात नव्या पंखाची नुसती बाह्यरेषा खडूने काढा. १ : २०० प्रमाणात विमानाचा पंख ५० सें.मी. भरेल आणि खडूची रेघ जवळजवळ १९० सें.मी. लांब होईल. बहुधा ती टेबलावरून उतरून जमिनीवर जाईल. एका मोजमापाने केवढा फरक पडतो, हे सांगायला मग वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही. पुढे १९७६ मधील व्हायकिंग याने हवाई छत्री आणि इंजिने यांच्या साहाय्याने उतरली. मंगळाच्या विरळ हवेत काही उडूच शकत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. १९ एप्रिल २०२१ रोजी इंजेन्युइटी नावाचे १.८ किलोग्रॅमचे हेलिकॉप्टर तेथे उडाले. पण ते हलके होते, आणि हवा किती विरळ आहे हे ठाऊक असताना बनवलेले होते.

फोन ब्राउन यांचे नाव घेतले, तेव्हा प्रतिकृतीजवळच्या पाटीवर आणखी एक गोष्ट लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नाझी जर्मनीसाठी व्ही-२ हा अग्निबाण घडवला, आणि तो बनवण्यासाठी छळछावणीतील कैद्यांना राबवले गेले. त्यात हजारो माणसे मेली. आराखडा सुंदर असला म्हणून त्याच्या कर्त्याचा सगळा इतिहास झाकून ठेवू नये.

पाय किती आणि खुर्च्या कशाला

चौथे यान उडाले, पण आरंभी ठरले तसे उडाले नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये ग्रमन या कंपनीची चांद्रयानाच्या, म्हणजे माणसांना चंद्रावर उतरवणाऱ्या अपोलोच्या वाहनाच्या, कामासाठी निवड झाली. सुरुवातीच्या आराखड्यात हेलिकॉप्टरसारख्या मोठ्या फुगीर काचा होत्या आणि दोन अंतराळवीरांसाठी खुर्च्या होत्या. काच जड. मग कोणी तरी विचार केला की, उतरायला थोडाच वेळ लागतो, तेव्हा उभ्याने का उतरू नये? खुर्च्या काढल्या. उभा माणूस काचेच्या अगदी जवळ येतो आणि लहान खिडकीतूनही त्याला पुष्कळ दिसते. म्हणून मोठ्या काचा गेल्या आणि लहान त्रिकोणी खिडक्या आल्या. एक खुर्ची काढल्याने यानाचा चेहराच बदलला.

पायांचे गणित तुम्हीच करा. १० सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि त्यावर समान अंतरावर तीन, मग चार, मग पाच पाय धरा. पायांना जोडणाऱ्या रेषा मध्यापासून किती दूर आहेत, ते मोजा. तीन पायांत ५ सें.मी., चारांत ७.१ आणि पाचांत ८.१ येतील. हे अंतर जितके अधिक, तितके यान कलंडायला अवघड. तिसऱ्यावरून चौथ्या पायावर जाताना २.१ सें.मी.चा लाभ होतो, पाचव्याने फक्त १ सें.मी.चा, आणि वजन मात्र प्रत्येक पायाचे तेवढेच. अभियंत्यांनी तीन आणि पाच पायांचाही विचार केला होता, पण शेवटी ते चारवर थांबले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रमलाही चारच पाय आहेत.

"कागदी प्रतिकृती म्हणजे खेळणे, त्यात विज्ञान कसले?" असे म्हणणाऱ्यांनी याच यानाची पुढची गोष्ट ऐकावी. १९६४ मध्ये त्याची पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती केली गेली. आरंभीच्या बेतानुसार अंतराळवीर गाठी मारलेल्या दोरावरून खाली उतरणार होते. प्रतिकृतीवर प्रत्यक्ष करून पाहिल्यावर ते जमेना. पाठीवरची पेटी घेऊन गोल दारातून बाहेर पडणेही कठीण गेले. म्हणून पुढच्या पायाला शिडी बसवली आणि दार चौकोनी केले. २० जुलै १९६९ रोजी नील आर्मस्ट्राँग ज्या शिडीवरून चंद्रावर उतरले, ती शिडी एका लाकडी प्रतिकृतीने सुचवली होती. आणि कागदालाही येथे कमी लेखू नका. त्या यानाच्या कक्षाची भिंत काही ठिकाणी सुमारे ०.३ मिलिमीटर जाडीची होती, म्हणजे तुमच्या हातातल्या कार्डशीटएवढीच!

कागदाने न सांगितलेली कारणे

आतापर्यंतच्या उदाहरणांत पत्र्याचा, हवेचा किंवा वजनाचा नियम आडवा आला. पाचव्या उदाहरणात माणसांच्या गरजा आणि पैसा यांनी यानाचा आकार ठरवला. मर्क्युरी यानाचे शिल्पकार मॅक्स फॅगेट यांनी एप्रिल १९६९ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसमोर बाल्सा लाकडाचे एक छोटे विमान खोलीत उडवून दाखवले. अवकाशात जाऊन विमानासारखे उतरणारे यान असे असेल, ही त्यांची कल्पना होती. त्याचे पंख आखूड आणि सरळ होते. पण १९८१ मध्ये उडालेल्या स्पेस शटलचे पंख त्रिकोणी आहेत. हा बदल कोठून आला?

अमेरिकेच्या हवाई दलाची अट अशी होती की, यानाने ध्रुवांवरून पृथ्वीची एकच प्रदक्षिणा करून उड्डाणाच्या तळावर परत यावे. एका प्रदक्षिणेला सुमारे ९० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात पृथ्वी आपल्या फेरीचा सोळावा भाग फिरते, म्हणजे विषुववृत्तावर २५०० किलोमीटर. कॅलिफोर्नियातील व्हँडनबर्ग तळ सुमारे ३५ अंश अक्षांशावर आहे. तेथे हे अंतर २००० किलोमीटरांच्या थोडे वर भरते. तळ पूर्वेकडे सरकलेला असल्यामुळे यानाला परतताना तेवढे आडवे जावे लागणार. सरळ पंखांना ते जमणारे नव्हते, त्रिकोणी पंखांना जमणार होते. गंमत अशी की, ज्या उड्डाणासाठी हे पंख आले, तसे उड्डाण शटलने एकदाही केले नाही. व्हँडनबर्गहून ते कधी उडालेच नाही. जुलै २०११ मध्ये शटलचे शेवटचे उड्डाण झाले, तोवर ते पंख त्याने वागवले.

आधीचा आराखडा दोन्ही टप्पे परत येणारा होता. तो महाग पडतो म्हणून सोडावा लागला, आणि १९७२ मध्ये घन इंधनाचे दोन बूस्टर जोडायचे ठरले. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजरच्या एका बूस्टरच्या सांध्यातून ज्वाला निसटली आणि सात जणांचा बळी गेला. काटकसरीचा निर्णय आणि हा अपघात यांना एका रेषेत जोडणे घाईचे होईल, कारण मधे इतर पुष्कळ चुका घडल्या. पण कोणता आराखडा कशासाठी सोडला, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

आक्षेप आणि उत्तरे

काही शिक्षक विचारतील, "मुलांना चुकलेल्या गोष्टी कशाला शिकवायच्या?" त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, या चुका नव्हेत. १९५२ मध्ये उपलब्ध असलेल्या माहितीवरून मंगळाचे विमान योग्यच होते. माहिती बदलली तेव्हा विमान बदलले. आज आपल्या प्रयोगशाळेत मात्र काय घडते? प्रयोगाचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, की विद्यार्थी खाडाखोड करून जुळवून घेतो. न जुळलेला आकडा ही लपवण्याची गोष्ट आहे, असे त्याच्या मनावर ठसलेले असते. प्रदर्शनात फक्त यशस्वी यानेच मांडून आपण तेच आणखी ठसवतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. परीक्षा जवळ आलेली असते, अभ्यासक्रम संपायचा असतो. हे खरे आहे. पण वर्तुळपाकळी, प्रमाण, क्षेत्रफळ, अभिकेंद्री त्वरण, हवेचा दाब हे विषय अभ्यासक्रमाबाहेरचे नाहीत. दोन तासिका एका चाकावर खर्च झाल्या, तर त्या वाया गेल्या असे म्हणता येणार नाही.

आजकाल यानांचे छापील नमुने तयार मिळतात. कापा, दुमडा, चिकटवा, की यान तयार. हाताला वळण लागावे म्हणून असे एखादे जरूर करावे. परंतु निदान एक भाग तरी, मग तो एखादा शंकू का असेना, मापावरून स्वतः आखलेला असावा. बाजारातून तयार प्रतिकृती विकत आणून मांडणे तर मुळीच नको. त्यात पालकांचा खिसा तेवढा दिसतो.

आणि एक सावधगिरीची सूचना. प्रतिकृती सगळेच खरे सांगत नाही. १ : २०० प्रमाणात लांबी दोनशे पट घटते, छेदाचे क्षेत्रफळ चाळीस हजार पट घटते, पण आकारमान ऐंशी लाख पट घटते. म्हणून कागदाचे बारीक पाय प्रतिकृतीला सहज पेलतात, आणि तसेच खरे पाय खऱ्या यानाखाली मोडू शकतात. कागदी शटल वर्गात छान तरंगले म्हणून खरे तसेच तरंगेल, असे समजू नये. आपली प्रतिकृती काय सांगू शकत नाही, हेही ज्याला सांगता येते, त्याला ती खरी समजली.

शिक्षकबंधुभगिनींनो, शेवटची विनंती तुम्हाला आहे, आणि ती गुणांविषयी आहे. आज बहुतेक गुण सुबकपणाला जातात, आणि त्यामुळे सुबकपणाच वाढतो. त्याऐवजी प्रत्येक प्रतिकृतीजवळ पोस्टकार्डाएवढी एक पाटी लावायला सांगा. हे यान कोणी व कोणत्या साली सुचवले, त्यांनी काय गृहीत धरले होते, पुढे कोणती गोष्ट कळली किंवा कोणती अडचण आली, आणि त्या यानातले काय आज टिकून आहे, ही चार उत्तरे त्या पाटीवर विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावीत. निम्मे गुण या पाटीला द्या. डिंकाचे डाग पडलेल्या, थोड्या वाकड्या चाकाशेजारी अशी पाटी असेल, तर पाहुण्याने "का?" म्हणून विचारल्यावर त्या विद्यार्थ्याला तुमच्याकडे पाहावे लागणार नाही.

पुढचे प्रदर्शन यायला अजून अवकाश असेल. तोवर एक कार्डशीट आणा आणि १५ सें.मी. व्यासाचे ते लहान चाक आखायला घ्या.